निळ्याचा नेम

त्या वर्षी मी श्रावणातल्या रविवारचं व्रत घेतलं आणि त्याच वर्षी आमच्या घरात टीव्ही आला. दोघांनाही रविवारची सकाळच हवी होती.

व्रत तसं साधं. सकाळी आंघोळ, पूजा, मग मुठीत तांदळाचे सहा दाणे धरून आदित्यवाराची कहाणी कोणाला तरी सांगायची. ऐकणाऱ्याने जागोजागी हूं म्हणायचं. हुंकाराशिवाय कहाणी पुरी होत नाही. सांगून झाली की तीन दाणे ऐकणाऱ्याला, तीन आपल्याला. तोवर अन्न नाही आणि पाणीही नाही. असे चार रविवार. एक चुकला की बाकीचे तीनही वाया. माझी आई हे व्रत करायची. तिच्या गावात ऐकणाऱ्यांना तोटा नव्हता. गोठ्यातला गडीसुद्धा शेणाचे हात बाजूला धरून हूं हूं म्हणत बसायचा. आमच्याकडे सक्करदऱ्याला सासूबाई होत्या, पण त्या माघात गेल्या आणि त्यांची बाज होती तिथे टीव्ही आला.

चौऱ्याऐंशी साल. दर रविवारी सकाळी दहाला एक परदेशी मालिका लागायची. तिचं इंग्रजी नाव कोणाच्या जिभेवर बसलं नाही, सगळी गल्ली तिला 'जहाज' म्हणे. तीनशे वर्षांनंतरची गोष्ट. एक मोठं जहाज आभाळातून ह्या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर जातं, आणि त्यावर नाना ग्रहांची माणसं एकत्र काम करतात. साडेनऊलाच आमच्या अंगणात तीस-पस्तीस चपला पडायच्या. पुढे सतरंजीवर बायका-पोरं, मागे खुर्च्यांवर पुरुष, आणि सगळ्यांत पुढे, टीव्हीला गुडघे टेकवून, शेजारचे चंपतराव. ते फौजेतून निवृत्त झालेले. कमी दिसतं म्हणून पुढे बसतो म्हणायचे, पण अंगणातली कैरी त्यांना रस्त्यावरून दिसे.

पहिल्या रविवारी मी दाणे मुठीत घेऊन आमच्या ह्यांच्यासमोर बसले. ह्यांचं नाव रुपराव, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. माणूस प्रेमळ, पण समोर पेपर. कहाणीतली बाई विधवा झाली असं मी सांगितलं, तर पेपरातून आवाज आला, "व्वा!" कहाणी तिथेच बाटली. मग चंपतरावांना धरलं. त्यांनी दोनदा हूं म्हटलं आणि विचारलं, "वहिनी, पुढे लढाई आहे का नाई?" नाही म्हटल्यावर ते उठून आपल्या जागेवर जाऊन बसले.

तेवढ्यात आमची मीरा एका मुलीला घेऊन आली. तिच्याच वर्गातली, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. नाव शामला. उंच, सावळी, जाड काचांचा चष्मा.

"आई, ही जहाज मराठीत सांगते. हिचं इंग्रजी एकदम पक्कं आहे," मीरा म्हणाली.

"पलीकडे, नाल्याजवळ राहतो आम्ही," शामला म्हणाली. "माझी आई महानगरपालिकेच्या शाळेत शिकवते. इंदूबाई."

नाल्याजवळ म्हटलं की सक्करदऱ्यात पुढे काही विचारावं लागत नाही. छप्पन साली दीक्षा घेतलेली घरं ती. ह्यांनी पेपर खाली केला, पुन्हा वर केला, आणि म्हणाले, "ये, ये. शिक्षण महत्त्वाचं."

मी विचारलं, "बाळ, तू कहाणी ऐकशील का गं? कोणी ऐकतच नाही. मी सकाळपासून पाण्यावाचून आहे."

तिने चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं. "काकू, मी हात नाही जोडणार. दाणे घेऊन देवापुढे नाही ठेवणार. चालेल?"

"चालेल. फक्त हूं म्हण."

"हूं तर मी छान म्हणते," ती म्हणाली.

आणि खरंच, असं हूं मी आईच्या गावीसुद्धा ऐकलं नव्हतं. वेळेवर, जिथे जीव गुंतायला हवा बरोबर तिथे. फक्त तिला प्रश्न फार. कहाणीतली बाई ऐकणारा शोधत फिरते. तिला आधी लाकूडतोड्या भेटतो, मग माळीण भेटते.

"लाकूडतोड्याचं नाव काय?"

"कहाणीत नाही गं नाव."

"माळणीचं?"

"तिचंही नाही. राजालाही नाही."

"राजाले नाव कशाले पाहिजे, काकू? त्याले तर राज्यच आहे."

मला हसू आलं. कहाणीत हसलेलं चालतं की नाही ते आईने सांगितलं नव्हतं. मी चालतं असं धरलं. तीन दाणे तिने वहीच्या पानात पुडी करून ठेवले, मी तांब्याभर पाणी प्यायले, आणि टीव्हीची दारं उघडली.

असा आमचा सौदा ठरला. साडेनऊला ती माझी कहाणी ऐकायची, दहाला गल्ली तिची. दुसऱ्या रविवारपासून ती गळ्यात पट्ट्याने अडकवलेली पाण्याची बाटली घालून यायला लागली, शाळकरी पोरांची असते तशी.

सुरुवातीला तो कॅप्टन जहाजाच्या खिडकीत उभा राहून काही तरी म्हणायचा. शामला उठून उभी राहायची, पाठ भिंतीला, आणि सांगायची, "कॅप्टन म्हणते, इथं कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. आभाळाला उंबरठा नाही." ते सांगताना तिचा आवाज असा व्हायचा, की माझ्या हातातली वात वळायची थांबायची. मला रोज शंभर वाती वळायचा नेम आहे. मी कोपऱ्यात कापूस घेऊन बसत असे.

"याले म्हणतात विचार!" हे म्हणायचे. "तीनशे वर्षांनी जात राहणारच नाही."

"तीनशे वर्षांनी? मंग तोवर काय करू गा, रुपराव?" चंपतराव.

"तोवर जहाज पाह्य."

जहाजावर एक दुसऱ्या ग्रहाचा माणूस होता. हिशेबात हुशार, सगळ्यांना वाचवणारा. त्याचं नाव शामला सोडून कोणाला म्हणता येत नसे. त्याचे हात निळे आहेत, असं तिने वाचनालयातल्या मासिकात वाचलं होतं. आमचा टीव्ही काळा-पांढरा, आम्हाला ते काळेच दिसत. तरी तिने निळे म्हटलं म्हणून तो 'निळ्या' झाला.

"मी आईले सांगितलं," शामला म्हणाली, "की त्याचे हात निळे आहेत. तर आई म्हणते, निळा हाय म्हणतेस? मंग तो आपलाच हाय."

मीरा खदखदून हसली. मागे खुर्च्यांवर दोघा-तिघांना एकदम खोकला आला.

दुसऱ्या रविवारी चंपतराव इतवारीच्या बाजारातून रंगीत कागद घेऊन आले. टीव्हीच्या काचेवर लावायचा पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद. वरचा पट्टा निळा, मधला लालसर, खालचा हिरवा. "आता निळ्या खरोखर निळा दिसते का नाई पाह्य." कागद लावला. कॅप्टन उभा राहिला तर कपाळ निळं, छाती लाल, बूट हिरवे. निळ्या बसूनच काम करायचा, तो नेमका लालमध्ये आला. बाकी जो उभा राहील तो निळा.

"अरे, सारे निळे होऊन राहिले!" हे ओरडले.

"होऊ द्या न, काकाजी," शामला म्हणाली. "उभं राहिलं की होतेच माणूस निळं."

आता एक सांगायला हवं. मला इंग्रजी येत नाही. शामला सांगायची ते मी ऐकत होते, पण वाती वळता वळता माझं लक्ष बोलण्यापेक्षा वागण्याकडे जायचं. आणि कोण कुठे बसलं, कोणाच्या हातात काय आहे, कोणी कोणाला काय वाढलं, हे बघायला मला कोणी शिकवावं लागत नाही. लग्नाला चोवीस वर्षं झाली. पंगतीत नुसतं वाढणाऱ्याच्या हाताकडे बघून सांगेन, ह्या घरात कोणाचा मान किती.

तर त्या जहाजावर एकच बाई होती, आणि ट्रे तिच्याच हातात. तीनशे वर्षं झाली तरी चहा तिनेच आणायचा. आणि निळ्या. सगळ्यांना वाचवून झालं की कॅप्टनच्या टेबलावर जेवण व्हायचं, पेले भरायचे, हसणं-खिदळणं चालायचं, आणि निळ्या मागे उभा. त्याच्या कमरेला त्याची स्वतःची बाटली. तो त्यातूनच प्यायचा. त्या टेबलावरचा पेला त्याने कधी उचलला नाही आणि कोणी उचल म्हटलंही नाही.

मला ते पटलं. म्हणजे, मला वाटलं की त्याचा नेम असेल. माझाही आहे. परघरचं पाणी मी घेत नाही, वीस वर्षं झाली. शामला गळ्यात बाटली घालून यायची तेव्हाही मला हेच वाटलं. वाटायचं, एवढीशी पोर पण नेमाची किती पक्की! कोणाच्या नेमाआड येणं हे पाप. म्हणून मी तिला कधी पाण्याचा आग्रह केला नाही. उलट मनातल्या मनात तिला नमस्कार करत होते.

तिसरा रविवार. कहाणी झाली, दाणे वाटले, जहाज सुरू झालं. त्या दिवशी निळ्याने आगीतून कॅप्टनला उचलून आणलं. कॅप्टनने डोळे उघडले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही म्हणाला. शामला उठून उभी राहिली.

"कॅप्टन म्हणते, मले आता वाटतच नाही की तू परका आहेस. तू अगदी आमच्यासारखाच आहेस."

सतरंजीवरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मग पुन्हा टेबल, पेले, आणि मागे उभा राहून निळ्याने आपल्या बाटलीचं झाकण उघडलं.

मी अगदी मायेने बोलले. मला ती वेळ अजून आठवते, कारण खोली शांत होती आणि माझा आवाज लहान असूनही सगळीकडे गेला.

"त्याचाही नेम दिसतो गं, परक्याचं पाणी न घेण्याचा. आपल्या शामलासारखा."

शामला वळली. "माझा कोणता नेम, काकू?"

"बाटली आणतेस ना घरून. मी म्हणूनच कधी आग्रह नाही केला. नेम मोडू नये कोणाचा."

तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं. ती समजावून सांगायच्या आवाजात बोलली, जहाज सांगायची तशी.

"माझा काही नेम नाही, काकू. पहिल्या दिवशी मी मीराले पाणी मागतलं. तिनं स्टीलचा पेला भरून आणला. काकाजींनी तो तिच्या हातातून घेतला, अन् खिडकीतला तो कानतुटका कप दिला. त्याच्यात दाढीचा ब्रश ठेवलेला होता. म्हणून मी बाटली आणतो."

"अगं, तो कप चांगला आहे," हे घाईघाईने म्हणाले. "ब्रश काढला होता मी. अन् आम्ही तसलं काही मानत नाही. आम्हाले तर वाटतच नाही की तू तिकडची आहेस. तू तर अगदी आमच्यासारखीच..."

"अबे, हेच तर त्यानं आत्ता म्हटलं!" चंपतरावांनी टीव्हीकडे बोट केलं. त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

शामलाने टीव्हीकडे पाहिलं. निळ्या बाटलीचं झाकण लावत होता. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, आणि मला दिसलं की तिचं जहाज तिच्या डोळ्यांदेखत बुडतंय. दोन वर्षं वाचनालयातली मासिकं धुंडाळून, एकेक शब्द कोशात बघून तिने ते जमवलं होतं. मी एका वाक्यात त्याला भोक पाडलं.

"पुढचं तुम्ही समजून घ्या," ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

पुढचं चंपतरावांनी समजावलं. त्यांचं इंग्रजी फौजेतलं. कॅप्टन काहीही बोलला की ते म्हणायचे, "आता हल्ला करते." शेवटी त्या जहाजावरच्या बाईने ट्रे ठेवून एक गाणं म्हटलं, तेव्हाही म्हणाले, "ही पण करते."

मधले सहा दिवस मीरा आमच्या कोणाशी बोलली नाही. हे दोनदा म्हणाले की पोरी फार हळव्या झाल्या आहेत. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

चौथ्या रविवारी मी दाणे मुठीत घेतले तेव्हा नऊ वाजले होते. मीराला म्हटलं, "बस गं, आज शेवटचा आहे."

"माझ्याजवळ हूं नाही आई," ती म्हणाली. "शामलाजवळ होतं."

हे पुढे आले, पेपर बाजूला ठेवून बसले. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर माझ्याच तोंडून कहाणी निघेना. त्यांना वाटलं कपामुळे. ते उठले, खिडकीतला कप उचलला आणि अंगणात फेकला. जुनी चिनी माती, घट्ट. कप फुटला नाही. टणकन उडाला, चपलांमधून गडगडत गेला आणि चंपतरावांच्या पायाशी थांबला.

"चांगला कप आहे गा, काहून फेकून राहिला?" चंपतराव म्हणाले आणि तो परत आणून खिडकीत ठेवला.

मी त्या कपाकडे बघत होते. ब्रश त्यात ह्यांनी ठेवला असेल. पण पहिल्या दिवशी शामला गेल्यावर तो कप कोणी उचलला? मी. बाकीच्या भांड्यांत न घालता, बाहेरच्या दगडावर, राखेने कोणी घासला? मी. माझे हात माझ्यापेक्षा जास्त जाणून होते. आणि त्यावर मी नेमाचं सोवळं पांघरूण घातलं. आता मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय उरली नाही.

दहा वाजले, जहाज सुरू झालं. कोणालाच काही कळेना, तरी कोणी उठेना. साडेअकरा वाजले. जीभ टाळूला चिकटली. सूर्य कलायच्या आत कहाणी झाली पाहिजे. मी पदर घेतला, मूठ तशीच बंद ठेवली आणि निघाले.

"कुठं चालली?" ह्यांनी विचारलं.

"ऐकणारी शोधायला."

नाला ओलांडून तिसरं घर. मी चोवीस वर्षं ह्या वस्तीत आहे, पण नाल्यापलीकडे पहिल्यांदाच गेले. दारात तुळशीच्या जागी गुलाब, आत शेणाने नाही, शहाबादी फरशीने चकचकीत जमीन. भिंतीवर दोन फोटो, दोन्हींना ताजे हार. इंदूबाई कणीक मळत होत्या. ठसठशीत बाई, कपाळ रिकामं, आवाज वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"या. वच्छलाबाई न तुम्ही? बसा." त्यांनी हात धुतले, आणि आपल्याकडे विदर्भात आल्या माणसाला पहिल्यांदा देतात तेच दिलं. स्टीलचा पेला, काठोकाठ पाणी. माझ्यासमोर ठेवला.

मी पेल्याकडे बघत राहिले. तहान तर अशी, की पेल्यावरच्या घामाचे थेंबसुद्धा मोजत होते. प्यायले तर चारही रविवार बुडाले. नाही प्यायले तर, मग मी इथे कशाला आले?

"घ्या न," इंदूबाई म्हणाल्या.

"मला... कहाणी झाल्याशिवाय पाणी चालत नाही."

त्या कमरेवर हात ठेवून हसल्या. "वा, बाई! इतके दिवस पाणी न प्यायले जात पुरत होती. आता कहाणी आली?"

आतल्या खोलीचा पडदा हलला.

"आई, ते खरं आहे," शामला म्हणाली. ती दारात उभी होती, चष्मा हातात. "त्यांचा नेम आहे. तीन रविवार मी पाहिला. कहाणी होईपर्यंत त्या थुंकी गिळताना पण दचकतात."

मला रडू आलं असतं, पण घशात त्यालाही पाणी नव्हतं.

"म्हणजे तुले ऐकवायले आल्या?" इंदूबाई म्हणाल्या. "बाई, आमचेही नेम आहेत. तुमचे किती, चार? आमचे बावीस, दीक्षेत घेतलेले. मी तुमची कहाणी नाही ऐकणार."

"तुम्ही नका ऐकू. हिने ऐकली तर..."

"ऐकतो," शामला चष्मा लावून माझ्यासमोर मांडी घालून बसली. "पण आधी मी सांगीन. तुम्ही हूं म्हणा."

मी मान डोलावली. पेला आमच्या मध्ये होता.

"आटपाट आकाश होतं," शामला म्हणाली.

"हूं."

"तिथं एक जहाज होतं. भिंतीवर लिहिलं होतं, इथं कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. लिहिणाऱ्याचं अक्षर फार छान होतं."

"हूं."

"तिथं एक निळ्या होता. बाकीच्यांले ताऱ्यांचा नकाशा वाचता येत नव्हता, म्हणून तो वाचून सांगे. एक दिवस तो उतरून गेला. जहाज आभाळात जागच्या जागी फिरून राहिलं. कॅप्टनचा एक शिपाई म्हणे, हल्ला करा. पण कोणावर ते त्यालेही माहीत नव्हतं."

इथे मला हसू आलं. पुन्हा कणकेकडे वळलेल्या इंदूबाईंचे हात थांबले होते.

"मंग कॅप्टन निळ्याच्या दारी आला. निळ्यानं पाणी पुढं ठेवलं. कॅप्टन म्हणे, माझा नेम आहे." ती थांबली. "इथून पुढं मले येत नाही, काकू. कॅप्टन काय म्हणते ते तुम्ही सांगा."

माझी मूठ घामाने ओली झाली होती. दाणे तळव्याला चिकटले होते.

"कॅप्टन म्हणाला," मी हळू म्हटलं, "की कप खिडकीत ठेवला दुसऱ्याने. पण बाहेरच्या दगडावर तो मीच घासला. मला माहीत होतं. मी माहीत नसल्यासारखं केलं."

मग शामला म्हणाली, "हूं." तिचं नेहमीचं हूं. वेळेवर.

"आता तुमची सांगा," ती म्हणाली.

मी सांगितली. आयुष्यात इतक्या घाईने कहाणी सांगितली नसेल. बाई ऐकणारा शोधत निघाली, तिला लाकूडतोड्या भेटला, "त्याचं नाव धोंडबा," मी म्हटलं, आणि शामलाने चष्म्यावरून पाहिलं. मग माळीण भेटली, तिचं नाव सुभद्रा. मग ती बाई विधवा झाली, रानात एकटी बसून रडायला लागली...

"हूं!" स्वयंपाकाच्या ओट्याकडून आवाज आला.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं.

"मी स्टोव्हले पिन मारून राहिली," इंदूबाई म्हणाल्या. "तुमचं चालू द्या. मंग ते मेली का?"

"नाही."

"बरं. मी ऐकत नाही, अशीच विचारून राहिली."

कहाणी संपली. तीन दाणे तिला, तीन मला. चार रविवार पुरे झाले. मी पेल्याकडे हात नेला आणि हात मध्येच थांबला. वीस वर्षांची सवय. परघरचं पाणी.

"आता काय झालं?" इंदूबाईंनी पुन्हा कमरेवर हात ठेवले.

खोटं बोलायला आता जागाच नव्हती. "माझा आणखी एक नेम आहे. बाहेर कुठे पाणी न घेण्याचा."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही. म्हणजे," मी आठवू लागले, "धरमपेठेत ह्यांच्या साहेबांकडे लिंबाचं सरबत घेतलं होतं. साहेबीणबाईंनी फारच आग्रह केला. सरबत म्हणजे काही पाणी नाही, असं मी तेव्हा मनाशी..."

माझं मलाच ऐकू आलं. पुढचं वाक्य मी सोडून दिलं.

"अस्सं," इंदूबाई गंभीरपणे म्हणाल्या. फळीवरून त्यांनी एक लिंबू घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. "मंग करू का सरबत? तुमचा नेम पण राहील, आमचा पाहुणचार पण होईल."

शामलाने दोन्ही हातांनी तोंड दाबलं होतं. तिचे खांदे हलत होते.

"नको," मी म्हटलं. "पाणीच बरं आहे."

आणि प्यायले. एका दमात. मग पेला पुढे केला आणि आणखी मागितलं. दुसरा संपल्यावर इंदूबाई लिंबू परत फळीवर ठेवत म्हणाल्या, "नेम मोठा तहानलेला होता बाई तुमचा."

घरी येऊन देवापुढे बसले आणि झालं ते सांगितलं. देव नेहमीप्रमाणे काही बोलला नाही. मी वाती वळायला घेतल्या. त्या दिवशीच्या शंभर राहिल्या होत्या.

पुढच्या रविवारी श्रावण संपला होता. कहाणी नव्हती, तरी शामला साडेनऊलाच आली. गळ्यात बाटली होतीच. खिडकीतला कप मी सकाळीच घासून आमच्या चहाच्या कपांत ठेवला होता, आणि ह्यांना त्यातूनच चहा दिला होता. ह्यांनी कान नसलेला कप हातात फिरवून पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने बोटं भाजत प्यायले.

दहा वाजले. कॅप्टन खिडकीत उभा राहिला. शामला उठली, पाठ भिंतीला लावली. "कॅप्टन म्हणते, इथं कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही." आणि खाली बसता बसता म्हणाली, "म्हणते तर आहे. पाहू आता."

आणि सगळी गल्ली खरंच पाहायला लागली. जेवणाचं टेबल आलं, पेले भरले, निळ्या मागे उभा राहिला, कमरेकडे त्याचा हात गेला, तसे चंपतराव गुडघ्यांवर उठून टीव्हीवर ओरडले, "अबे कॅप्टन! पेला दे न त्याले! समोर तर पडला आहे!"

"अन् खुर्ची?" मीरा म्हणाली.

"अन् खुर्ची! उभाच ठेवते काय त्याले जिंदगीभर?"

कॅप्टनला ऐकू गेलं नाही. बाहेर कुठे तरी आग लागली, घंटा वाजली, सगळे पळाले. आता लढाई होणार हे इंग्रजीशिवाय कळत होतं. चंपतराव टीव्हीला कपाळ टेकवून बसले.

आणि तेवढ्यात शामलाने गळ्यातली बाटली काढली, हलवून पाहिली, आणि मागे खुर्चीवर बसलेल्या ह्यांच्यापुढे धरली.

"काकाजी, रिकामी झाली. जरा भरून आणता का?"

लढाई चालू असताना हे जागेवरून हललेले गल्लीने कधी पाहिले नव्हते. त्यांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा बाटलीकडे, आणि उठले. माठाचं झाकण काढल्याचा आवाज आला, मग पाणी भरल्याचा.

"काय झालं? निळ्या वाचला काय?" ह्यांनी आतून ओरडून विचारलं.

"आधी पाणी आणा," शामला म्हणाली. "मंग सांगतो."